फाइव्ह स्टारचा ब्रेकफास्ट: हजार रुपये नेमके कशाचे?



"मॅडम, पोहे ते पोहेच ना? मग आमच्याकडे तीस रुपये आणि तिथे हजार, असं कसं?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो, थोडं कुतूहल असतं, आणि खरं सांगायचं तर थोडा मोहही असतो. "आपणही असंच काहीतरी पॉश काढलं तर?" हा पुढचा प्रश्न मनात तयारच असतो. व्हिडिओमध्ये या विषयाला दोन-तीन मिनिटंच मिळाली, म्हणून इथे नीट लिहिते.

माझं भांड्यांचं दुकान आहे. घरगुती गिऱ्हाईक आहेच, पण निम्मा माल केटरर आणि हॉटेलवाले उचलतात. त्यामुळे मोठ्या हॉटेलात गेले की माझी नजर आधी प्लेटकडे जाते, मग पदार्थाकडे. तुम्ही वाचताना हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्लेटबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. खाण्याच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या पैशाने मोठ्या हॉटेलात सकाळचा नाश्ता करावा. रात्रीचं जेवण नको, ते महाग पडतं आणि मेन्यू कार्ड बघूनच माणूस घाबरतो. नाश्त्याला बहुतेक ठिकाणी बुफे असतो. एकच ठरलेला भाव, सगळं समोर मांडलेलं, आणि दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त क्लास मला तरी माहीत नाही.

पहिल्यांदा जाताना

जाण्याआधी फोन करा. तीन गोष्टी विचारा: बाहेरच्या गिऱ्हाइकाला ब्रेकफास्ट मिळतो का, किती ते किती वाजेपर्यंत असतो, आणि टॅक्स धरून माणशी किती पडतात. "टॅक्स धरून" हे दोन शब्द विसरू नका. लहान मूल सोबत असेल तर त्याचा भाव वेगळा असतो, तोही विचारा. फोनवर मराठीत बोला. आमच्याकडे नाशिकमध्ये, तिकडे पुण्यात, अगदी मुंबईतसुद्धा तिथे काम करणारी निम्मी मुलं आपल्याच भागातली असतात.

कपड्यांचा बाऊ करू नका. स्वच्छ, इस्त्री केलेले कपडे आणि बंद बूट किंवा नीट चपला, एवढं पुरे. आत गेल्यावर "किती जण?" विचारून टेबल दाखवतात. बसल्या बसल्या पाण्याचं विचारतील. बाटलीचं पाणी नको असेल तर "साधं पाणी द्या" असं सरळ म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हॉटेलवाले बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतात ते बेकायदा आहे असं पुष्कळांना वाटतं. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बसून पिण्यासाठी दिलेल्या पाण्याला एमआरपीचं बंधन लागू होत नाही, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि सेवा सोबत असते. हा निकाल लक्षात ठेवा. आजच्या विषयाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्लेट हातात घ्यायच्या आधी एक पूर्ण चक्कर मारा. कुठे काय आहे ते बघा. पहिल्यांदा जाणारा माणूस दारातल्या ब्रेडपासूनच भरायला लागतो आणि डोशाच्या काउंटरपर्यंत पोचतो तेव्हा पोटात जागा उरत नाही. इडली-डोसा हाताने खा, काटा-चमच्याची परीक्षा कोणी घेत नाही. खाऊन झालं की काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, वाढपी समजतो आणि प्लेट उचलतो. हवं तितक्या वेळा उठून घ्या, पण बांधून नेता येत नाही. तेवढा नियम पाळा.

बिल कसं वाचायचं

गेल्या हिवाळ्यात बॅचमधल्या चौघांना घेऊन मी शहरातल्याच एका मोठ्या हॉटेलात गेले. भाव माणशी ९०० होता. पाच जणांचे ४,५०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी ८१०, म्हणजे एकूण ५,३१०. सोबतचा एक दादा लगेच म्हणाला, "मॅडम, हॉटेलला तर पाच टक्के असतो ना?"

बरोबर आहे त्याचं. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्केच असतो, एसी असो वा नसो. पण ज्या हॉटेलने आधीच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भावाने दिलेली असेल, त्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. १ एप्रिल २०२५ पासून ही पद्धत आहे. फरक असा की १८ टक्केवाल्याला त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, ५ टक्केवाल्याला मिळत नाही. उद्या तुमचं छोटं रेस्टॉरंट निघेल तेव्हा मिक्सर, फ्रीज, ओव्हन, भांडी यांच्यावर भरलेला टॅक्स तुम्हाला परत मिळणार नाही, तो तुमच्या खर्चातच धरायचा. माझ्या दुकानात येणारे नवे हॉटेलवाले हे हटकून विसरतात आणि कोटेशन बघून म्हणतात, "जीएसटी काय, नंतर सेट ऑफ होईल." होत नाही हो!

दुसरी ओळ सर्व्हिस चार्जची. आमच्या बिलात ती नव्हती, पण असली तर ती सरकारी टॅक्स नाही हे ओळखा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही आणि ग्राहकावर सक्ती करायची नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. नको असेल तर शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. सेवा आवडली असेल तर वाढप्याच्या हातात टीप द्या. ती थेट त्याला मिळते, मला तेच बरं वाटतं.

आतलं गणित

आता मुद्द्याचं. ते ९०० रुपये गेले कुठे?

पहिली गोष्ट, तो नाश्ता मुळात आपल्यासाठी बनलेलाच नसतो. हॉटेलात राहणाऱ्या बऱ्याच पाहुण्यांच्या खोलीभाड्यातच नाश्ता धरलेला असतो. हॉटेलच्या भाषेत त्याला सीपी प्लॅन म्हणतात. म्हणजे किचन पहाटे सुरू होणारच, आचारी येणारच, एसी लागणारच. आदल्या रात्री किती खोल्या भरल्या हे रिसेप्शनला माहीत असतं, त्यावरून सकाळी किती माणसं खाणार याचा बऱ्यापैकी अंदाज किचनला मिळतो. अंदाज आला की नासाडी कमी. बाहेरून आलेले आपण पाच जण त्यांच्यासाठी वरकड. आपल्यामुळे वाढतो तो फक्त खाल्लेल्या मालाचा खर्च.

तुमच्या गाडीचं तसं नाही. तुमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक अनिश्चित असतं. पाऊस आला की अर्धं पातेलं उरतं. तेव्हा "त्यांना परवडतं तर मला का नाही" ही तुलना इथेच तुटते.

दुसरी गोष्ट, बुफे म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच वाढपी होणं. ऑर्डर घ्यायला माणूस नको, चुकीची ऑर्डर परत जाणं नाही, वाट बघणं नाही. आणि मांडणीही उगाच नसते. ब्रेड, कॉर्नफ्लेक्स, कापलेलं कलिंगड आणि पपई अशा गोष्टी हाताला पटकन लागतील अशा ठेवतात. डोसा आणि ऑम्लेट मात्र लाइव्ह काउंटरवर. तिथे आचारी एका वेळी एकच देतो, गरम देतो, हसून देतो. गिऱ्हाइकाला वाटतं माझ्यासाठी खास बनवलं. खास असतंच, पण त्याच वेळी माल किती जातोय यावर ताबाही राहतो.

आता प्लेट. आमच्या धंद्यात फुल प्लेट साधारण ११ इंची आणि क्वार्टर प्लेट ७ इंची. नाश्त्याला जेवणाच्या मोठ्या प्लेटऐवजी लहान किंवा मधल्या मापाची ठेवण्याकडे कल असतो. ज्यूसचा ग्लास छोटा. वाटी छोटी. छोट्या प्लेटमध्ये माणूस थोडं घेतो, आवडलं तर पुन्हा उठतो. मोठ्या प्लेटमध्ये एकदाच ढीग रचतो आणि निम्मं टाकतो. टाकलेलं अन्न कोणाच्याच पोटात जात नाही आणि पैसे मात्र गेलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा चाफिंग डिशमध्ये उपमा जेमतेम दोन बोटं होता. सोबतच्या ताई म्हणाल्या, "किती कंजूस!" पण पाच मिनिटांत आतून ताजा, वाफाळता उपमा आला. भांडं एकदाच तुडुंब भरून ठेवलं असतं तर तळाचा उपमा तासाभरात गोळा झाला असता. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं हा एफएसएसएआयचा नियम आहे, आणि थोडं थोडं भरलं तर तो पाळणंही सोपं जातं. हे करायला फाइव्ह स्टार व्हावं लागत नाही. दोन छोटी पातेली लागतात, बस्स.

उरलेल्या मालाचंही बघा. ब्रेडचं पुडिंग होतं, इडलीची फ्राय इडली होते, फळांचा ज्यूस होतो. आपल्या घरी शिळ्या पोळीचा कुस्करा होतो तसंच. फक्त तिथे ते आधीच ठरलेलं असतं, कोणाच्या मूडवर नसतं.

इतकं सगळं करून माल किती लागतो? खाण्याच्या धंद्यात मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतात. बाकीचे पैसे जागा, पगार, वीज, धुलाई, फुटणारी क्रॉकरी, कर्जाचं व्याज यांत जातात. आणि गिऱ्हाईक तरी कशाचे पैसे देतं? आमच्या शेजारच्या टेबलवर दोन माणसं बसली होती. एकाने फक्त दोन इडल्या आणि कॉफी घेतली. दीड तास फाइल उघडून बोलत होते. त्यांनी इडली विकत घेतली नव्हती. शांत टेबल, स्वच्छ टॉयलेट, सातला म्हणजे सातला उघडणारा दरवाजा आणि समोरच्या पार्टीवर पडणारी छाप, हे विकत घेतलं होतं. अंडं गाडीवर तेच, पुण्यात १९३५ सालच्या कॅफे गुडलकमध्ये तेच आणि फाइव्ह स्टारमध्येही तेच. अंड्याभोवती जे असतं त्याचा भाव बदलतो.

ताईंचं स्वप्न आणि ११५ प्लेटा

उपमा बघून "कंजूस" म्हणाल्या त्या ताई अंबड एमआयडीसीत पोहे-उपम्याचा स्टॉल चालवतात. हॉटेलातून बाहेर पडताना त्या गप्प होत्या. दोन दिवसांनी फोन आला. "मॅडम, माझ्याकडे चार लाखांच्या कर्जाची सोय होतेय. एसी गाळा बघितलाय. प्लेट तीसची साठ करते, थोडं पॉश करते." त्यांनी विचारलेलं मला आवडलं. मी म्हटलं, वही घेऊन या.

आकडे असे. आज रोज सरासरी ११० प्लेटा, भाव ३०, एका प्लेटला माल ११ रुपयांचा. म्हणजे प्लेटमागे १९ उरतात, दिवसाचे २,०९०, महिन्याच्या २६ दिवसांचे ५४,३४०. यातून हेल्पर, गॅस, प्रवास हे सगळं जातं.

नव्या गाळ्याचं भाडं २८,०००. दोन माणसं वाढणार, १२,००० प्रमाणे २४,०००. वीज ६,०००. चार लाखांचा तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी हप्ता साधारण १३,३००. बेरीज ७१,३००. साठच्या प्लेटमध्ये चांगला माल, वर दाणे-खोबरं, चांगली चटणी, असं धरून माल १८ चा. प्लेटमागे उरले ४२.

फक्त हा नवा खर्च भागवायला महिन्याला जवळपास १,७०० प्लेटा, म्हणजे रोज ६५. आणि आज जे ५४,३४० हातात येतात ते कायम ठेवायचे असतील तर रोज ११५. म्हणजे दुप्पट भावाने, आज विकतात त्यापेक्षा जास्त प्लेटा विकल्या तर ताई आज जिथे आहेत तिथेच राहणार. वर डोक्यावर कर्ज.

आणि घेणार कोण? त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे फर्स्ट शिफ्टचा कामगार. त्याच्या खिशात तीस रुपये आणि हातात दहा मिनिटं असतात. त्याला एसी नकोय, त्याला गेटवर वेळेत पोचायचंय. साठ रुपये देणारा माणूस या शहरात नक्की आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला निघालेल्या गाड्या बघा. घरचे सगळे, झाडाखालची टेबलं, मुलांना खेळायला जागा. मिसळीसोबत ते सहल विकत घेतात आणि आनंदाने जास्त पैसे मोजतात. पण तो माणूस मंगळवारी सकाळी पावणेसातला अंबडला येत नाही.

ताईंना हे ऐकून वाईट वाटलं, दिसलं ते. "म्हणजे आम्ही गाडीवरच राहायचं का?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला "नाही" असंच उत्तर दिलं. पण वर जायचा जिना आपल्या गिऱ्हाइकाच्या दारातून जायला हवा. एमआयडीसीतल्याच कंपन्यांच्या ऑफिसात सकाळी मीटिंगा होतात, ट्रेनिंग होतात, ऑडिटवाले येतात. तिथे वीस-पंचवीस माणसांचा नाश्ता आदल्या दिवशी ऑर्डर घेऊन पोचवता येतो. आदल्या दिवशी आकडा कळतो, म्हणजे मोठ्या हॉटेलचा सर्वात मोठा फायदा आपल्यालाही मिळतो. तिथे साठ काय, चहा आणि गोडाचा एक पदार्थ धरून शंभर रुपये भाव लावता येतो, आणि गाळ्याचं भाडं शून्य.

ताईंनी कर्ज तूर्त थांबवलंय. दोन छोटी झाकणाची पातेली घेतली (माझ्याच दुकानातून, सूट देऊन!), "सकाळी ६.३० ते १०" अशी पाटी लावली आणि ती पाळतात. रोज किती प्लेटा गेल्या, किती उरलं, पाऊस होता का, कंपनीला सुट्टी होती का, हे वहीत लिहितात. दोन कंपन्यांकडे नमुना घेऊन गेल्या. एकीकडून दोनदा ऑर्डर आली. दुसरीने एफएसएसएआयचा नंबर आणि जीएसटीचं बिल मागितलं. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन त्यांच्याकडे होतंच, जीएसटी नंबर मात्र नाही. त्यावर आता सीएंशी बोलणं चालू आहे.

तुम्ही जाल तेव्हा एक छोटी वही न्या आणि पदार्थांची यादी करत बसू नका, ती नेटवर मिळते. घड्याळ लावून बघा: दारात शिरल्यापासून कोणीतरी तुमच्याशी बोलेपर्यंत किती वेळ गेला, रिकामं भांडं किती वेळात भरलं, रिकामी प्लेट किती वेळ टेबलावर राहिली. मग दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ तुमच्या स्टॉलवर लावा.

शेवटचं, बिल जपून ठेवा. "मॅडम, हा बिझनेसचा खर्च दाखवता येतो का?" असं त्या दिवशी लगेच विचारलं गेलं. खाण्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट साधारणपणे मिळत नाही, कायद्यानेच ती बंद आहे. इन्कम टॅक्समध्ये खर्च खरोखर धंद्यासाठी केलेला असेल तर दाखवता येतो, पण ठरावीक टक्क्याने नफा दाखवत असाल तर वेगळा खर्च दाखवायचा प्रश्नच येत नाही. तुमचं कोणत्या प्रकारात बसतं ते तुमच्या सीएंना विचारा. आमचं ५,३१० चं बिल मी क्लासच्या फाइलला लावलंय, पुढच्या बॅचला वाचायला देणार आहे.